खाली राहणाऱ्या मनकर्णाबाई

एका वस्तीतली एकतीस घरं मी एका शब्दानं पुसून टाकली. मुद्दाम नाही. मुद्दाम करायला अंगात हिंमत लागते, आणि माझ्या अंगात त्या दुपारी फक्त ऊन भरलेलं होतं.

भिलाईत जुनवानीच्या पुढं, नाल्यापलीकडं, रेल्वेच्या उंच भरावाच्या पायथ्याशी ती वस्ती आहे. शहराची हद्द नाल्यापाशी संपते, पंचायतीची हद्द भरावापलीकडं सुरू होते, आणि मधल्या पट्ट्याला कोणीच आपलं म्हणत नाही. मत मागायला दोन्हीकडचे येतात. नळ मागितला की दोन्हीकडचे समोरच्या काठाकडं बोट दाखवतात. वस्तीचं नाव 'खाली'. नागपूर-गोंदियाकडून आलेली रेल्वेच्या गँगची माणसं भरावावर रूळ दुरुस्त करायची आणि पायथ्याशी झोपड्यांत राहायची. कुठं राहता विचारलं की वर उभ्या उभ्या सांगायची, "खाली." साठ-सत्तर वर्षं हेच उत्तर देता देता ते गावाचं नाव होऊन बसलं.

मी जुनवानी रोडवर चॉइस सेंटर चालवतो, म्हणजे लोकांचे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतो. मार्चमध्ये एका ठेकेदारानं मला आजूबाजूच्या वस्त्या मोबाइलवर नोंदवायचं काम दिलं. घरोघर जायचं, माणसं मोजायची, फोटो काढायचे. मी 'खाली'त शिरलो, पहिल्याच घरी ताक मिळालं, बाजेवर बसलो आणि बसलोच. ॲपच्या पहिल्या पानावर रकाना होता, 'बस्ती का नाम'. मी लिहिलं, खाली. त्याच्या खालचा रकाना, 'मकान'. तो भरायच्या आधी ॲप अडकलं. म्हटलं, घरी जाऊन भरू. घरी गेलो आणि जेवलो.

ॲपनं मात्र माझी वाट पाहिली नाही. जेवढं होतं तेवढं पुढं पाठवून दिलं. दुर्गला, जिल्ह्याच्या कचेरीत, कोणीतरी वाचलं: बस्ती, खाली. मकान, शून्य. हिंदी वाचणाऱ्याला यात चुकीचं काही दिसायचं कारण नव्हतं.

दोन भाषांतले दोन 'खाली' मला ठाऊक नव्हते असं नाही. भिलाईतल्या मराठी घरातलं पोर दोन्ही एकाच जिभेवर घेऊन फिरतं. आईनं "खाली ये" म्हटलं की गच्चीवरून उतरायचं, ऑटोवाल्यानं "खाली है" म्हटलं की आत बसायचं. कधी गोंधळ होत नाही. कागदावर तो झाला.

मेच्या शेवटी वस्तीतल्या विजेच्या खांबावर नोटीस लागली, आणि त्याच आठवड्यात नाल्याच्या अलीकडच्या काठावर पिवळं जेसीबी येऊन उभं राहिलं.

नोटीस घेऊन माझ्याकडं आल्या त्या मनकर्णाबाई. ताक त्यांनीच दिलं होतं. सत्तरीच्या, हडकुळ्या, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कुठल्यातरी नातवाचे निळे स्पोर्ट्स बूट. खांबावरची नोटीस त्यांनी भाकरी तव्यावरून सोडवावी तशी अख्खी सोलून आणली होती.

"वाच बापू. मले वाचता येत नाई, पन ज्यानं चिटकवली तो मान खाली घालून पळाला. म्हंजे चांगलं काई लिहिलं नसन."

मी वाचलं. सदर भूमी खाली आढळली आहे. तिथून रस्ता काढायचा प्रस्ताव आहे. पंधरा दिवसांत दावा-आपत्ति मागवण्यात येत आहे.

"आपत्ती?" त्या म्हणाल्या. "आपत्ती तर तेच आनून राहिले. आमच्याकडून कावून मागतेत?"

"आजी, हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत."

"मंग तसं लिहावं ना." मग जरा थांबून, "अन् खाली लिहिलं ते? तेवढं तर बरोबर लिहिलं त्याईनं."

मी पाणी प्यायलो. प्यायल्यावर पुन्हा प्यायलो. हिंदीत खालीचा अर्थ रिकामी होतो हे सांगितलं, पण कागदावर तो शब्द कोणाच्या बोटानं उमटला ते नाही सांगितलं.

"रिकामी," त्या म्हणाल्या. "म्हंजे आमी नाईच."

"कागदावर नाही."

"मशीन कागद पाहून चालते का मानूस पाहून?"

मी नोटिशीचा फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन दुर्गला गेलो. हरकतीचा अर्ज घेणारे नायब तहसीलदार वाईट माणूस नव्हते. आधार कार्डं मागितली. तिथंच पहिला खड्डा. 'खाली' कुठल्याच यादीत नसल्यामुळं वस्तीतल्या प्रत्येकानं पत्ता उसना घेतला होता. कोणी जुनवानीतल्या मामाचा, कोणी रेल्वे क्वार्टरातल्या साडूचा. मनकर्णाबाईंच्या कार्डावर तर त्यांच्या रायपूरच्या मुलाचा पत्ता. एकतीस घरांतली माणसं सरकारी हिशेबात भलत्याच ठिकाणी झोपत होती.

साहेब म्हणाले, "अगले गुरुवार को मैं खुद आऊँगा. चालीस साल से पुरानी आबादी है, इसका कुछ दिखा दो. कुआँ, मंदिर, कुछ भी. सिर्फ झोपड़ी मत दिखाना, झोपड़ी तो परसों भी बन सकती है."

परतीला आम्ही ऑटोनं आलो. नाल्यापाशी उतरलो तेव्हा जेसीबी चालू होतं. अलीकडच्या काठावरची बाभळीची रांग सकाळी होती ती दुपारी नव्हती. मुळं वर करून झाडं पडली होती आणि मशीनचा हात हवेत तसाच थांबला होता, कारण ड्रायव्हर डबा खात होता. त्यानं आमच्याकडं पाहून मान हलवली. आम्हीही हलवली. माणूस साधा होता, त्यामुळं आणखीच भीती वाटली. त्याच्यावर ओरडून काही होणार नव्हतं.

वस्तीत विहीर होती, ती बुजून वीस वर्षं झाली. उरला लालबाबा. वस्तीच्या मध्यावर कडुनिंबाखाली छातीइतका उंच, शेंदराच्या पुटांनी सुजल्यासारखा झालेला देव. नाक नाही, डोळे नाहीत. पण नवसाला पावतो म्हणून जुनवानीपासून बाया येतात. जया नावाच्या शेजारणीला बारा वर्षांनी मुलगी झाली ती याच्याच कृपेनं, असं जया सांगते. त्यात नवऱ्याचं नावही घेत नाही.

"देव जुना आहे," मी म्हटलं. "पण किती जुना, हे त्याच्यावर कुठं लिहिलंय?"

मनकर्णाबाईंनी मला घरात बोलावलं, दार लोटलं आणि बाजेच्या काठावर बसल्या. बूट काढले.

"लिहिलं आहे," त्या म्हणाल्या.

मग जे सांगितलं ते त्यांनी पन्नास वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या तिरोड्याकडच्या. एकोणसत्तर साली लग्न होऊन दौलतरावांच्या झोपडीत आल्या. पहिले आठ दिवस वरून मालगाडी गेली की घरातली भांडी छातीशी धरून बसायच्या. दौलतराव गँगमध्ये कीमॅन, म्हणजे रोज पहाटे हातोडा घेऊन आपल्या हद्दीतल्या रुळांच्या चाव्या, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकत जायचे आणि ठोकत परत यायचे. धुक्याच्या दिवसांत कीमॅन गाडीखाली येतो हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत. "मी चुलीपाशी बसून ठोके आयकायची," त्या म्हणाल्या. "ठन् आला की भाकर उलथवायची. ठन् नाई आला तर भाकर जळायची. ह्याईले वाटे मले सैपाकच येत नाई."

गँगची एक रीत होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की मेट, म्हणजे गँगचा मुकादम, छिन्नी घेऊन वस्तीच्या मधोमध उभ्या रोवलेल्या लोखंडी सलीपरवर, म्हणजे रुळांखाली आडव्या घालतात त्या पट्टीवर, त्या वर्षाचं साल कोरायचा आणि पुढं वस्तीतल्या चुलींचा आकडा. घरं नाही, चुली. सुनेनं वेगळी चूल मांडली की आकडा वाढला. कोणी मेलं, कोणी गावी परतलं की घटला. सरकार मोजत नव्हतं म्हणून ही मंडळी स्वतःला मोजत होती.

सलीपर अर्थातच रेल्वेचा. जुना, लाइनीतून काढलेला, पण रेल्वेचाच. उचलून आणणारे दौलतराव.

चौऱ्याहत्तरचा रेल्वेचा संप झाला. गँग कामावर गेली नाही. वरच्या क्वार्टरांतून बायकामुलांना सामानासकट बाहेर काढत आहेत अशी बातमी आली. दौलतराव आणि बाकीचे पुरुष नाल्याच्या झाडीत लपले. एका दुपारी भरावावरून पोलिस खाली उतरताना दिसले. मनकर्णाबाई एकवीस वर्षांच्या होत्या, पोटात पहिलं बाळ. त्यांना एवढंच सुचलं, की हे सलीपर बघतील, चोरीचा माल म्हणतील, आकडे बघतील, बावीस चुली आहेत तर बावीस पुरुष कुठं आहेत विचारतील.

"घरात पुलाले लावाचा लाल रंग होता. डबाभर. थोही रेल्वेचाच. मी अख्खा डबा त्याच्यावर ओतला. हातानं फासला. वरून कुंकू टाकलं, नारळ नव्हता तं कांदा ठेवला, अन् म्होरं बसून डोळे मिटले. पोलिस आले. एकानं जोडे काढले. मले म्हने, अम्मा, कौन बाबा हैं? मी बोलली, लालबाबा. त्यानं हात जोडले अन् गेले."

मला हसू आलं. त्यांना नाही.

"संप मोडला, ह्याईले नोकरीवर घेतलं. पन रंग काढाची हिंमत कोनाची होईना. मंग मेटच्या बायकोनं शेंदूर लावला. नारळ फुटाले लागले. मी पयले नाटक करून दिवा लावायची, कोनाले समजू नये म्हनून. मंग भेव वाटाले लागला. मंग खरंच लावाले लागली. आता जयाची पोरगी पाहून मलेच समजत नाई बापू, मी त्याले बनवलं का त्यानं मले."

म्हणजे पुराव्याचं असं होतं. शेंदराखाली वस्तीचं वय कोरलेलं होतं. ते दाखवायचं तर देव खरवडायचा, वस्तीला सांगायचं की तुमचा बाबा म्हणजे माझी थाप, आणि साहेबांना दाखवायचं की आमच्याकडं रेल्वेचा माल आहे. न दाखवायचं तर गुरुवारनंतर मशीन.

"जेलात टाकतीन का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही आजी." रेल्वेचं लोखंड घरात सापडलं की केस होते, हे मी ऐकून होतो. सांगितलं नाही असं नाही, सांगितलं. त्यांनी मान हलवली. दौलतराव मरेपर्यंत याच भीतीनं लालबाबाकडं पाठ करून बसायचे म्हणे.

एवढं सगळं ऐकल्यावर माझ्या पोटात काही टिकेना. म्हटलं, "आजी, ते 'खाली' मी लिहिलं."

"मालूम आहे. ताक पिऊन तूच गेला होता ना मोबाइल घेऊन. दुसरा कोन आला होता?" त्या बूट घालायला लागल्या. "लेसा बांधून दे. माह्या हातानं नाई होऊन राहिलं."

मी बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. एवढीच शिक्षा झाली.

बुधवारी दुपारी मी सिविक सेंटरच्या बाजारातून तारेचा ब्रश आणि थिनरच्या दोन बाटल्या आणल्या. मनकर्णाबाईंनी वस्तीला कडुनिंबाखाली गोळा केलं आणि सांगून टाकलं. सगळं. कांद्यासकट. वरून एक मालगाडी धडधडत गेली.

मग जया पुढं आली. मुलीला कडेवर घट्ट धरून. "आजी, तुमी म्हातार्‍या झाल्या म्हनून आयकून घेऊन राहिली. देवाची खोळ काढनार? माह्या पोरीले काई झालं तं?"

"तुह्या पोरीले काई नाई होनार. झालंच तं मले होईन."

"देव असं पाहून पाहून शिक्षा देते का?"

"नसन देत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पन मशीन तं बिलकुल पाहत नाई. उद्या थे आली तं देव बी जाईन अन् तुहं घर बी. तूच सांग, खरवडू का नको? तू नको म्हनशीन तं ब्रश ठेवते खाली."

सगळे जयाकडं बघायला लागले. माझ्या मनात आलं, आता ही नको म्हणणार. तिनं मुलीचं तोंड आपल्या खांद्यात लपवलं, म्हणजे पोरीला दिसू नये, आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. नको म्हणाली नाही.

मनकर्णाबाईंनी ब्रश माझ्या हातात दिला नाही. पहिला हात त्यांनीच मारला. मारण्याआधी देवाच्या कानाशी, म्हणजे कान असते तर जिथं असते तिथं वाकून, सर्वांना ऐकू जाईल असं बोलल्या, "रागावू नको. काम झालं की पावभर नवा शेंदूर देईन. हा सुजय आनून देईन." मला विचारलं नव्हतं. विचारण्यासारखी वेळही नव्हती.

पन्नास वर्षांचा शेंदूर सोपा निघत नाही. पापुद्र्यांवर पापुद्रे, मध्ये तेल, मुंग्या, एका थरात चिकटलेलं पावली नाणं. प्रत्येक मोठी खपली पडली की बाया मागं सरकायच्या. मनकर्णाबाई पुटपुटत घासत होत्या आणि मधूनच हात थांबवून आपली नाडी बघत होत्या, चालू आहे की नाही. शेवटी पुलाचा तो लाल रंग लागला, थिनरनं विरघळला, आणि खाली लोखंड काळंभोर निघालं. रंगानं गंज धरू दिला नव्हता. छिन्नीचे आकडे काल कोरल्यासारखे.

६२, ९. ६३, ९. ६४, ११. मी वाचत गेलो. ६९ ला १७.

"थे सतरावी माही," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या. त्यांना वाचता येत नाही, पण बोट बरोबर तिथं ठेवलं.

शेवटचा आकडा ७३ चा, २२. त्यानंतर लोखंड कोरं.

त्या रात्री वस्तीत किती जण झोपले मला माहीत नाही. मी माझ्या घरी होतो आणि झोपलो नाही.

गुरुवारी नायब तहसीलदार अकराला आले, सोबत पटवारी मॅडम. नाल्यावर मशीन चालू होतं, त्यामुळं सगळ्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. साहेबांनी देवाभोवती एक फेरी मारली. पेनानं टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"ये क्या है?"

"देव है," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"वो तो ठीक, पर अंदर क्या है?"

"अंदर भी देव है."

"अम्मा, ये तो स्लीपर है. रेलवे का."

कोणीतरी मागच्या मागं सटकल्याचं मला ऐकू आलं. माझेही पाय तोच विचार करत होते. मनकर्णाबाई एक पाऊल पुढं गेल्या आणि त्यांच्या त्या हिंदीत बोलल्या, "हाँ साहेब. मेरे आदमी ने लाया. वो मर गया. पकडना है तो मेरे को पकडो, मैं चलती. लेकिन पहले गिनती लिख लो. फिर पकडो."

साहेबांनी पेन खिशाला अडकवलं. मग पटवारी मॅडमना म्हणाले, "लिखिए. लोहे का एक पुराना स्तंभ, जिस पर चूल्हों की वार्षिक गिनती अंकित है." आणि मनकर्णाबाईंना, "मैं ज़मीन-राजस्व का आदमी हूँ अम्मा. स्लीपर पहचानना मेरा काम नहीं है."

पण फोटो काढला. तो कागदाला लागला. कोणीही बघू शकतं.

मग त्यांनी आकडे वाचायला सांगितले. मी वाचायचो आणि प्रत्येक आकड्याला मनकर्णाबाई सांगायच्या कोण आलं, कोण गेलं. ६५ चा मेट, कुठल्या साली कोणाची सून वेगळी झाली, ७१ ला कॉलऱ्यानं बंद झालेल्या दोन चुली. त्या वस्तीत यायच्या आधीच्या चुलीही त्यांना सासूनं तोंडपाठ करून दिल्या होत्या. मॅडमचा हात दुखायला लागला. ७३ संपल्यावर साहेबांनी विचारलं, "आज कितने?"

"एकतीस," जया मागून म्हणाली. सकाळपासून तिचा हा पहिला शब्द.

नाव विचारलं तेव्हा पुन्हा पंचाईत. 'खाली' लिहू देईनात, दुसरं नाव वस्तीला मंजूर होईना. अखेर पंचनाम्यात नोंद झाली, 'खाली (आबाद)'. मॅडमनं लिहिताना दोनदा वर बघितलं. साहेब निघताना म्हणाले, वरून आदेश यायला वेळ लागेल, तोवर नाल्यापुढं काम होणार नाही, आणि हा स्तंभ आहे तसाच उघडा ठेवा, कोणी पुन्हा तपासायला आलं तर आकडे दिसले पाहिजेत.

याला आता चार महिने झाले. आदेश आलेला नाही. मशीन नाल्याच्या पलीकडं गेलेलं नाही, पण तिथून हललंही नाही. लालबाबा काळा आणि उघडा उभा आहे. बाया लांबून हात जोडतात, जवळ जात नाहीत. जयाच्या मुलीला मध्ये ताप आला होता, साधाच, तिसऱ्या दिवशी उतरला. ते तीन दिवस मनकर्णाबाईंनी अन्न घेतलं नाही.

मी दुर्गच्या जुन्या बाजारात कामानं जातो. पूजेच्या सामानाच्या दुकानासमोरून जातो. शेंदूर आणला तर लावावा लागेल आणि लावला तर आकडे झाकतील. नाही आणला तर तिकडं ज्याला कबूल केलं आहे तो वाट बघतो आहे.

काल मनकर्णाबाईंचा फोन आला.

"ऑर्डर आली का बापू?"

"नाही आजी."

"अन् थे?"

"तेही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन न ठेवता तशाच धरून राहिल्या. त्यांच्या मागं घरघर ऐकू येत होती. गाडीची होती की मशीनची, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पावभर शेंदूर माझ्याकडं बाकी आहे.